विश्लेषण : रसायनीत संगीताचे विद्यार्थी-मासिक निघाले, तर मुखपृष्ठावर कोण?

माध्यमांचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना संगीताचे मासिक तयार करण्याचा प्रकल्प फार आवडतो. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि आतली एक मोठी मुलाखत एवढे जमले की झाले. संगणकावर तयार साचे मिळतात, त्यात नावे आणि छायाचित्रे बदलली की अंक दिसायला अगदी 'खरा' वाटतो. अडचण एवढीच की तो साचा लंडन-न्यूयॉर्कच्या रॉक मासिकांचा असतो. रसायनी-मोहोपाड्याच्या आसपास लग्नसराईत कानावर पडते ते बेंजो, ढोलकी, भजन आणि हळदीची गाणी. या गाण्यांचे मासिक रॉकच्या कपड्यांत घालायचे का? की त्यांचे स्वतःचे असे काही कपडे आहेत?

हा प्रकल्प आला कुठून?

ब्रिटनमधील 'ओसीआर' या परीक्षा मंडळाच्या माध्यम विषयात काही वर्षे हेच काम दिले जाई. आधी सरावासाठी शाळेच्या मासिकाचे पान आणि मग संगीत मासिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका व समोरासमोरची दोन पाने. त्यानंतर विद्यार्थ्याने स्वतःच्या कामाचे मूल्यमापन लिहायचे. त्यातला पहिलाच प्रश्न असा असे की, बाजारातल्या खऱ्या मासिकांचे संकेत तुम्ही कुठे वापरले, कुठे वाढवले आणि कुठे धुडकावले? पाने सुंदर आहेत की नाहीत, हे त्यानंतर.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या पूर्वीच्या 'बीएमएम' आणि आताच्या 'बीएएमएमसी' अभ्यासक्रमात मांडणी आणि मासिकनिर्मिती शिकवली जाते. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. पण माध्यमांचा विद्यार्थीच हवा असे नाही. अभियांत्रिकी किंवा वाणिज्य शाखेतल्या चार मुलांनी मनावर घेतले तरी सोळा पानांचा अंक निघू शकतो.

संकेत म्हणजे काय?

पेपरच्या स्टॉलवर दहा अंक टांगलेले असतात. लांबूनच कळते की हा पाककृतींचा, हा भविष्याचा आणि हा क्रिकेटचा. नाव वाचण्याआधी कळते, कारण प्रत्येक प्रकाराने वाचकाशी न बोलता एक करार केलेला असतो. हे करार म्हणजेच संकेत. संगीत मासिकाचे संकेत आता पाठ झालेले आहेत. वर रुंद नाव, खाली थेट डोळ्यात पाहणारा एकच कलाकार, त्याच्या दोन्ही बाजूंना आतल्या लेखांच्या ठळक ओळी. आत भरपूर काळा रंग, मोठ्या टायपात उचललेले एखादे वाक्य, नव्या ध्वनिमुद्रिकांना दिलेले तारे आणि शेवटी कार्यक्रमांचे वेळापत्रक.

यातले बहुतेक संकेत कुणी ठरवून बनवलेले नाहीत, ते नाइलाजातून आले. १९७६ साली लंडनमध्ये मार्क पेरी या तरुणाने 'स्निफिन ग्लू' नावाचा अंक काढला. मथळे जाड मार्करने हातानेच लिहिलेले, मजकूर टाइपरायटरवरचा, खाडाखोड तशीच ठेवलेली आणि सगळे फोटोकॉपी काढून टाचलेले. पैसे नव्हते म्हणून अंक तसा दिसत होता. पुढे पंक संगीताचा अंक म्हटला की तो तसाच दिसला पाहिजे, असा नियम झाला. आज महागड्या संगणकावर बसून मुद्दाम तशी खाडाखोड काढली जाते. १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'रोलिंग स्टोन'चा पहिला अंक निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर जॉन लेनन होता. छायाचित्र होते चित्रपटातल्या भूमिकेचे. मुखपृष्ठावर गायकाचा चेहरा ही चाल आज जगभर दिसते.

ब्रिटनमधल्या 'स्मॅश हिट्स'चा करार आणखी वेगळा होता. १९७८ मध्ये सुरू झालेल्या या अंकात गाजत असलेल्या गाण्यांचे संपूर्ण बोल छापलेले असत. मुले ते वाचून गात. ही कल्पना मराठी माणसाला नवी वाटायचे कारण नाही. चित्रपटगृहाबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या पातळ पुस्तिका, आधी कथासार आणि मग एकेक गाणे, कित्येक घरांच्या माळ्यावर अजून सापडतील.

मराठीत संगीताची नियतकालिके होती का?

होती आणि ती बरीच गंभीर होती. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि त्याच्या जोडीने 'संगीतामृत प्रवाह' हे मासिकही चालवले. त्यांच्या शिष्यपरंपरेतून उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' तर विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचले. प्रा. बी. आर. देवधर यांनी त्यात लिहिलेली गायक-वादकांची शब्दचित्रे पुढे 'थोर संगीतकार' या पुस्तकात आली. या परंपरेचे संकेत ठरलेले होते : रागाची चर्चा, स्वरलिपी आणि गुरूंविषयी आदर. सजावट जवळपास नाहीच. संगीत शिकणाऱ्याने बाजूला तंबोरा ठेवून वाचावे, अशी पाने.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण अलाहाबादचे. १९९३ मध्ये अमित सैगल आणि त्यांच्या पत्नी शेना यांनी तिथून 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू केले. महाविद्यालयीन महोत्सवांत वाजवणाऱ्या देशभरच्या बँडना त्या काळात वर्तमानपत्रांत जागा नव्हती आणि इंटरनेट घरोघरी आले नव्हते. शिलाँगच्या मुलांना मुंबईत काय वाजते ते या अंकातून कळू लागले. 'रोलिंग स्टोन'ची भारतीय आवृत्ती यायला २००८ साल उजाडले, म्हणजे एका मध्यम शहरातला अंक पंधरा वर्षे पुढे होता. रसायनीच्या मुलांनी मनाशी धरावे असे उदाहरण हे आहे. त्यातले रॉक सोडून दिले तरी चालेल.

रसायनीत आधीपासून कोणते संकेत आहेत?

रसायनी हे नावच कारखान्याने दिलेले. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि पाताळगंगेच्या काठावर तिचा कारखाना व वसाहत उभी राहिली. २०१७ मध्ये केंद्र सरकारने इथले उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला, तरी नाव राहिले आणि रेल्वे स्थानकाच्या पाटीवरही तेच आहे. गावठाण, कामगारांची वसाहत, नंतर आलेल्या इमारती आणि डोंगराकडच्या वाड्या असे हे मिश्रण आहे. त्यामुळे 'इथले संगीत' म्हणून एका प्रकाराकडे बोट दाखवता येत नाही. कर्जतच्या बाजूला ठाकरांचे नाच-गाणे, पनवेल-उरण-पेणच्या पट्ट्यात आगरी-कोळी गाणी, घाट चढून गेले की कार्ल्याची एकवीरा आणि तिच्यावरच्या गाण्यांचा स्वतंत्र प्रवाह, शिवाय गावोगावचे भजन.

या प्रत्येकाने आपली दृश्यभाषा घडवली आहे. ती मासिकांत नाही, फ्लेक्सवर आहे. हळदीच्या किंवा जत्रेच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स बारकाईने पाहावा. मुख्य गायकाचा चेहरा सर्वांत मोठा, सहगायिका त्याच्या थोडी मागे, वादक खाली ओळीने, आयोजक गोल चौकटीत आणि शुभेच्छुक अगदी तळाला. कोण कुणापेक्षा केवढा मोठा छापायचा यावरून रुसवेफुगवे होतात, कारण आकार म्हणजे मान, हे सगळ्यांना ठाऊक असते. अक्षरे सोनेरी, त्यांना पांढरी कड आणि त्या कडेला पुन्हा लाल कड. शहरातल्या कला महाविद्यालयात याला नाक मुरडले जाईल. पण धावत्या गाडीतून तीन सेकंदांत वाचता यावे, हे या फलकाचे काम असते आणि ते तो चोख करतो.

भजनाच्या पत्रिकेचा बाज निराळा. वर 'श्री', मध्ये देवाचे चित्र, खाली बुवांचे नाव, त्यांच्या गुरूंचे नाव, पखवाजवादकाचे नाव. इथे चेहरा लहान असला तरी चालतो, पण गुरूचे नाव वगळून चालत नाही. रॉक मासिकाच्या साच्यात गुरूच्या नावासाठी रकानाच नसतो.

बेंजोची गोष्ट आणखी मजेची. लग्नात आणि मिरवणुकीत गाजणारा हा बेंजो म्हणजे अमेरिकी बँजो नव्हे. टाइपरायटरसारखी बटणे असलेले ते बुलबुलतरंग आहे, मूळ जपानी वाद्यावरून आलेले आणि इथे ध्वनिवर्धकाला जोडून कर्णकर्कश केलेले. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये याच वादकांवर 'बँजो' हा हिंदी चित्रपट काढला. बेंजो पार्टीत पुढे उभा राहणारा गायकच नसतो, गाण्याची ओळ वाद्यच वाजवते. मग मुखपृष्ठावर 'थेट डोळ्यात पाहणारा कलाकार' हा संकेत कुणाला लावणार? वादकाची नजर तर बटणांवर असते. त्याला मान वर करायला लावून काढलेले छायाचित्र खोटे दिसते. बोटांचे जवळून काढलेले छायाचित्र मात्र या संगीताला शोभून दिसेल.

कोणता जुना संकेत परत आणण्यासारखा आहे?

आकाशवाणीवर गाणे लावण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक सांगण्याची पद्धत होती. कॅसेटच्या घडीच्या कागदावरही तेच, 'गीत', 'संगीत', 'स्वर' आणि दोन बाजूंची यादी. मराठी कानाला हा क्रम इतका सवयीचा आहे की त्यातला एक शब्द गळला तर चुकल्यासारखे वाटते. मोबाइलवर गाणे ऐकताना मात्र समोर येते ते गायकाचे किंवा वाहिनीचे नाव. गाणे लिहिले कुणी, हे शोधायला खाली जावे लागते आणि पुष्कळदा ते तिथेही नसते. गावाकडच्या गाण्यांत तर ही गळती जास्तच होते. एखादे गाणे हळदीत गाजते, दुसरा कुणी ते वेगळ्या तालावर मुद्रित करतो आणि मूळ लिहिणारा वाडीतच राहतो.

विद्यार्थ्यांच्या अंकाला इथे खरे काम आहे. परीक्षणाच्या वर पाच ताऱ्यांऐवजी 'गीत, संगीत, स्वर' ही पट्टी छापावी आणि तिच्यात 'ढोलकी' व 'बेंजो' हे दोन रकाने वाढवावेत. तारे देणे सोपे आहे, ढोलकीवाल्याचे पूर्ण नाव मिळवण्यासाठी दोन फोन करावे लागतात. पण दहा वर्षांनी अंक कुणी उघडला, तर तो त्या नावासाठीच उघडला जाईल. बाहेरचा संकेत वापरायचा, पण त्यात आपला रकाना वाढवायचा, हे परीक्षेच्या भाषेत 'संकेत वाढवणे' झाले.

आणि मोडायचा कोणता?

या पट्ट्यातल्या आगरी आणि इतर काही समाजांत लग्नाचे विधी धवला गाऊन लावले जातात. तो गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. मंडपापासून हळदीपर्यंत विधी बदलला की धवला बदलतो आणि हे सगळे तोंडपाठ असते. तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्री महदंबेच्या रचनेला 'धवळे' म्हणतात आणि तीही लग्नाचीच गाणी. म्हणजे मराठी कवितेच्या पहिल्या पानावरचा शब्द आज खालापूर-पनवेलच्या मंडपात अजून बोलला जातो. संगीत मासिकाला याहून मोठी बातमी कोणती मिळणार?

पण साच्यात ती बसत नाही. धवलारीण मंचावर नसते. तिची ध्वनिमुद्रिका नसते, 'आगामी कार्यक्रम' नसतात. ती एकटी गात नाही, मागे बायका ओढून धरतात. तिला 'लपलेली स्टार' म्हणून मुखपृष्ठावर आणणे आणि शेजारी गिटारवाल्याला लावतात तसा काळा-पिवळा रंग देणे, हा हमखास होणारा मोह आहे. त्याने बाई परकी दिसते आणि संगीतही. इथे एक चेहरा, एक नायक हा संकेतच सोडावा लागेल. समोरासमोरच्या दोन पानांवर मुलाखतीऐवजी विधींचा क्रम मांडता येईल. डावीकडून उजवीकडे लग्नाचा दिवस सरकतो, प्रत्येक विधीखाली त्या वेळच्या धवल्याविषयी चार ओळी, कोण गाते, कोण ओढते, हातात काय असते. गाणाऱ्या सगळ्याजणींची नावे एकाच आकारात. फ्लेक्सवर आकार म्हणजे मान असेल, तर इथे सारखा आकार हीच संपादकांची भूमिका झाली आणि ती वाचकाला न सांगता कळेल.

बोलीचाही प्रश्न येतो. मुलाखत आगरीत झाली तर ती तशीच छापायची की प्रमाण मराठीत? पुष्कळदा होते असे की निवेदन प्रमाण भाषेत आणि मध्येच गमतीसाठी एखादे आगरी वाक्य. हा विनोदी कार्यक्रमांतून आलेला संकेत आहे आणि इथे तो घातक आहे. बोलणाऱ्याचे सगळे बोलणे त्याच्या भाषेत ठेवावे, शब्दांचे लेखन अंकभर एकसारखे ठेवावे आणि अडेल अशा शब्दाचा अर्थ समासात द्यावा. लिहिलेले त्याच घरात मोठ्याने वाचून दाखवले की चुका लगेच सापडतात. आजीबाई अशा बाबतीत भीड ठेवत नाहीत.

देवनागरीत साचा कुठे अडतो?

इंग्रजी मासिकांच्या मुखपृष्ठावर कलाकाराचे डोके नावाच्या अक्षरांवर आलेले दिसते. दोन-तीन अक्षरे झाकली तरी नाव ओळखू येते. मराठीत हे जपून करावे लागते, कारण आपली अक्षरे रेघेच्या वर आणि खालीही बोलतात. 'गीत'ची वेलांटी केसांआड गेली की 'गात' उरते. 'मोर'ची मात्रा झाकली की 'मार'. 'सूर'चा उकार खांद्यामागे गेला तर 'सर'. महाविद्यालयीन अंकाला हे शेवटचे नाव कदाचित चालूनही जाईल.

कॅपिटल अक्षरे ही सोय आपल्याकडे नाही, म्हणून ठळकपणा जाडीतून आणि आकारातूनच आणावा लागतो. इंग्रजी मथळ्यासारखे अक्षरांत अंतर पाडले तर शिरोरेखा तुटून शब्दाचे मणी होतात. लेखाचे पहिले अक्षर मोठे काढताना 'स्त्री' शब्दातला नुसता 'स' मोठा करून भागत नाही, अख्खे जोडाक्षर उचलावे लागते आणि सॉफ्टवेअरला ते आपणहून कळेलच असे नाही. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट धरला तर लांब मराठी शब्दांमुळे मध्ये पांढरे खड्डे पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवणे बरे. ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो.

अक्षरांसाठी खर्च मात्र नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे टंक विनामूल्य मिळतात. पहिला मजकुराला, दुसरा मथळ्याला चालतो. 'इनडिझाइन'मध्ये मराठी चिकटवल्यावर जोडाक्षरे फुटली तर टंक बदलण्याआधी परिच्छेदाच्या मांडणीत 'वर्ल्ड-रेडी' पर्याय निवडलेला आहे का ते पाहावे. निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. मथळ्यासाठी हाताने लिहिलेली अक्षरे तर केव्हाही सरस. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी लिहिलेली शीर्षके पाहिली की अक्षरावरूनच नाटकाचा स्वभाव कळायचा. २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या अक्षरांची नक्कल करू नये, पण प्रत्येक गाण्याच्या प्रकाराला वेगळे अक्षर ही त्यांची शिस्त घेण्यासारखी आहे.

गाण्याचे बोल छापता येतात का?

पूर्ण गाणे परवानगीशिवाय नाही. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार गीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. परीक्षणात चर्चेपुरती एखादी ओळ उद्धृत करण्याला कायद्यात वाव आहे, अख्खे गाणे सजवून छापण्याला नाही. पारंपरिक गाण्याचा कर्ता ठाऊक नसतो, पण गाणाऱ्याचे मुद्रण करून ते पसरवायचे असेल तर गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क येतो. धवला फोनवर टिपून अंकात क्यूआर कोड देण्याची कल्पना छान आहे. त्याआधी त्या बायकांना ते कुठे आणि कोण ऐकणार हे सांगून होकार घ्यावा. एखादी म्हणेल की लग्नाबाहेर हे वाजवू नका. मग वाजवू नये.

छापायचा की फोनवर?

दोन्ही, पण दोन वेगळे अंक समजून. छापील अंकाची पाने चारच्या पटीत ठेवावीत. ए-थ्री आकाराचे चार कागद मध्ये दुमडून टाचले की ए-फोरची सोळा पाने होतात. मधली दोन पाने एकाच कागदावर येतात, त्यामुळे विधींचा तो लांब पट्टा तिथेच टाकावा. इतरत्र टाकला तर छपाईत दोन्ही बाजूंच्या रेषा जुळतीलच असे नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवायच्या पीडीएफचे गणित वेगळे आहे. ए-फोर पान २१ सेंटीमीटर रुंद असते आणि फोनचा पडदा जेमतेम सातचा. दहा पॉइंटचे अक्षर तिथे तीन-साडेतीनचे होते. बोटांनी ताणून वाचायला कुणी थांबत नाही. फोनसाठी उभी, एका रकान्याची पाने वेगळी करावीत, समोरासमोरच्या पानांचा संकेत तिथे सोडूनच द्यावा आणि विधींचा पट्टा आडवा न ठेवता वरून खाली उतरवावा. नावांची पट्टी मात्र गाण्याच्या लगेच वर राहू द्यावी, कारण पानाच्या तळापर्यंत सगळेच जात नाहीत. मोहोपाड्याच्या बाजारात चार ओळखीच्यांच्या फोनवर, उन्हात, पडद्याचा उजेड वाढवून तो एकदा पाहावा. सोनेरी अक्षरांभोवतीची ती पांढरी कड कशासाठी असते, ते तिथे कळते.